बोरगाव मेघेचा समुद्री डोंगा

वर्ध्याहून कोणत्याही दिशेनं निघालं तरी समुद्र भेटायला पाचशे-सहाशे किलोमीटर तरी जावंच लागतं. तरीही सरकारचे समुद्रात सोडायचे आठ डोंगे बोरगाव मेघेत, फुलकोबीच्या वावराला लागून असलेल्या एका टिनाच्या शेडमध्ये तयार झाले. ते करणाऱ्या चंद्रभान तिजारेनं पहिले तीन डोंगे केले तोवर समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, आणि त्या चित्रातलाही अर्धाअधिक समुद्र शेषनागाच्या वेटोळ्यांखाली झाकून गेलेला होता.

तिजारे घराणं भाजीपाल्याचं. चंद्रभानचे दोघे भाऊ वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, बैलबंडीत घालून वर्ध्याच्या बाजारात नेत. याला मात्र मातीपेक्षा लोखंड जवळचं. नागपूरला जाऊन वेल्डिंग शिकून आला आणि वावराच्या कोपऱ्यात त्यानं शेड टाकली. धान्याच्या कोठ्या, दारं, वखराची पास, बंडीवर ठेवायच्या पाण्याच्या टाक्या, असं कायबाय तो करी. टाकी झाली की तो बाहेरून सगळ्या सांध्यांवर खडूचं पाणी फासायचा आणि आतून रॉकेल. सांध्यात सुईच्या टोकाएवढं जरी भोक असलं तरी पांढऱ्या खडूवर रॉकेलचा डाग उमटतो. डाग उमटला की सांधा पुन्हा फोडायचा. गिऱ्हाईक दारात ताटकळत बसलं तरी तो टाकी हलू द्यायचा नाही. “तिजारेची टाकी गळली” असं म्हणणारा माणूस वर्धा तालुक्यात नव्हता, आणि असता तर चंद्रभाननं त्याला जेवू दिलं नसतं.

१९७७ च्या हिवाळ्यात सदाशिवराव त्याच्याकडे आला. सदाशिवराव मूळचा हिंगणघाटचा, शाळेत चंद्रभानच्या बाकावर बसणारा. पुढं तो शिकत गेला आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी संस्थेत अधिकारी झाला. नात्यातल्या लग्नाला आला होता, पण मांडवात न थांबता अत्तराच्या वासासकट थेट शेडमध्ये येऊन उभा राहिला.

“चंद्रभान, बोया करायचा आहे,” तो म्हणाला. “म्हणजे समुद्रात साखळीनं नांगरून ठेवायचं तरंगतं खोकं. त्यात यंत्रं असतात. लाट किती उंच, वारा कुठून, पाणी किती गरम, सगळं आपोआप मोजतात.”

“कोन्या आकाराचं?”

“आतापर्यंत गोल पिंपं होती. ती भवऱ्यासारखी फिरतात. आता होडीच्या आकाराचे बोये करायचं ठरलं आहे. होडी कशी, नाक लाटेकडे धरून उभी राहते.”

चंद्रभाननं हातातली खिडकीची जाळी खाली ठेवली. “मंग तिकडं समुद्राकाठी होड्या करनारे सारे मेले का?”

सदाशिवराव हसला. त्यानं मग सरकारी कारण सांगितलं. संस्थेची त्या वर्षीची काही खरेदी अविकसित जिल्ह्यातल्या लहान कारखान्यांतूनच करायची, असा वरून आदेश आला होता. होड्या करणारे सगळे समुद्राकाठी होते आणि समुद्राकाठचे जिल्हे यादीत विकसित निघाले होते. वर्धा अविकसित निघाला होता.

“अविकसित पायजे, नोंदणी पायजे, अन गळायले नाई पायजे,” सदाशिवराव वऱ्हाडीवर उतरत म्हणाला. “मले तूच आठवला.”

आपण अविकसित असल्याचा चंद्रभानला जन्मात पहिल्यांदाच उपयोग झाला.

महिन्याभरानं टपालानं नकाशे आले. निळ्या कागदाचे सात ताव आणि प्रत्येकावर पाच जणांच्या समितीच्या सह्या. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद, वरून झाकलेला, आत पाणी शिरणार नाही असे चार कप्पे, मधोमध यंत्रांचं पिंप, वर दिव्याची काठी. पोटाखाली बरोब्बर मध्यावर साखळी अडकवायचं एक भक्कम कडं. चंद्रभान आठ दिवस ते ताव खाटेवर पसरून बसला. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी विचारलं तर सांगे, “डोंगा आहे.” बोया हा शब्द बोरगावात कोणाच्या तोंडी बसला नाही. नदी पार करून देणारा तो डोंगा, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

त्याची पहिली शंका मिठाची होती. समुद्राचं पाणी खारं, हे शाळेत शिकवलं होतं, पण किती खारं ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं सदाशिवरावाला पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं: बादलीभर पाण्यात साधारण अर्धा किलो. चंद्रभाननं अंगणात पाच रांजण मांडले, त्यात मिठाचं पाणी केलं आणि वेगवेगळे रंग लावलेले पत्र्याचे तुकडे तारेनं आत सोडले.

त्याची बायको लीलाबाई किराण्याच्या दुकानातून तिसऱ्यांदा मीठ आणायला गेली तेव्हा दुकानदारानं विचारलं, एवढं कसलं लोणचं? ती घरी येऊन म्हणाली, “आवो, लोकं पुसून राह्यले. मी काय सांगू? आमच्या घरी लोखंडाचं लोनचं घातलं म्हनून?”

“सांग ना,” चंद्रभान म्हणाला. “मुरलं का दाखवतो म्हना.”

चार महिन्यांत चार रांजणांतले तुकडे गंजून फुगले. पाचव्यातला तसाच राहिला. तोच रंग, तेच अस्तर त्यानं ठरवलं. समितीनं सुचवलेला रंग दुसऱ्या रांजणात होता. तो सगळ्यात आधी गंजला होता. पण रंगाचं नाव नकाशावर नव्हतं, सोबतच्या पत्रात होतं, आणि पत्रावर पाच सह्या नव्हत्या. तिथं सदाशिवरावाला नियम वाकवता आला.

पहिला डोंगा १९७८ च्या पावसाळ्याआधी झाला. खडू लावला, रॉकेल लावलं, डाग उमटला नाही. पण तरंगतो कसा ते पाहायचं तर पाणी पाहिजे. विहिरीत तो मावेना. शेवटी श्रावणात वर्धा नदीला पूर असताना त्यानं ट्रक केला आणि डोंगा पुलगावजवळच्या घाटावर नेला. तिथं नानाजी भोयी होता. सत्तरीच्या पुढचा, जन्मभर लाकडी डोंग्यानं माणसं नदीपार करणारा. त्याच्या मदतीनं चंद्रभाननं साखळीला मोठा धोंडा बांधून डोंगा प्रवाहात सोडला.

डोंगा तरंगला. पाचेक मिनिटं सगळे खूश होते. मग तो हळूहळू फिरला आणि प्रवाहाला आडवा झाला. पाणी कुशीवर आदळायला लागलं, साखळी पोटाला खाली ओढायला लागली आणि डोंगा पुरात पाठ खाजवणाऱ्या म्हशीसारखा एका अंगावर कलला. घाटावर गर्दी जमली होती. कोणीतरी टाळी वाजवली.

नानाजीनं बिडी विझवली. “कडं कुठं लावलं हे?”

“मधात. पोटाले.”

“काऊन?”

“नकाशात तसं आहे. मोठे साहेब लोकं आहेत, पाच जनं.”

“त्यातल्या एकाच्या तरी घरी बैल आहे का?” नानाजी म्हणाला. “बैलाले पोटाले दोरी बांधून कोनी धरते का, बाप्पा? वेसन नाकात असते. नाकाले बांध, नाकाले. मंग पानी जिकडून येईन तिकडं तोंड करन तो.”

चंद्रभाननं तिथंच नाकाशी साखळीचे दोन वेढे आवळले आणि डोंगा पुन्हा सोडला. तो एकदा डुलला, फिरला आणि पुराकडे तोंड करून स्थिर उभा राहिला. नानाजीनं दुसरी बिडी पेटवली. त्याच्या मते काम संपलं होतं.

संस्थेच्या मते ते सुरूही होऊ शकत नव्हतं. चंद्रभाननं पत्र लिहिलं की कडं पुढं घ्यावं लागेल. सदाशिवरावाचं उत्तर आलं, त्यात मित्र कमी आणि अधिकारी जास्त होता: नकाशा समितीनं मंजूर केला आहे, बदल हवा असल्यास समितीची बैठक व्हावी लागेल, समितीतले दोघे निवृत्त झाले असून त्यांच्या जागा भरल्यावर बैठक होईल, तोवर नकाशाप्रमाणे दोन डोंगे पाठवावेत. चंद्रभाननं नकाशाप्रमाणे दोन पाठवले. कडं पोटाला, मध्यावर.

दोन्ही डोंगे समुद्रात उतरल्यावर एक नऊ दिवस टिकला, दुसरा सहा. उलटे झाले. दिव्याच्या काठ्या खाली, पोटं आभाळाकडे. संस्थेचं पत्र आलं, त्यात कारण दिलं होतं: कारागिरीतील दोष. त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर असंही लिहिलं होतं की वर काढल्यावर चारही कप्पे आतून पूर्ण कोरडे आढळले. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी कशी नांदतात, हे समितीतल्या कोणाला खटकलं नव्हतं.

चंद्रभानला ते पत्र फार लागलं. उलटून पाच पिढ्या तरंगत राहिला तरी आत थेंब न शिरणारा डोंगा आपण केला, आणि नावावर दोष लागला. तो तीन दिवस शेडमध्ये गेला नाही. भावाच्या वावरात जाऊन वांग्यांना पाणी देत बसला. चौथ्या दिवशी लीलाबाईनं त्याच्यासमोर भाकर ठेवली आणि म्हणाली, “वांग्याइले पानी पुरे झालं. सडून राह्यली ते. आता लोखंडाचं पाहा.”

तिसरा डोंगा तपासायला १९७९ च्या उन्हाळ्यात सदाशिवराव स्वतः आला. डोंग्याभोवती फिरला. कडं पोटाला, मध्यावर, नकाशाप्रमाणे. मग पुढं आला आणि थांबला. नाकाखाली आणखी एक कडं होतं, पहिल्यापेक्षा जाड.

“हे काय?”

“उचलाचं कडं,” चंद्रभान निर्विकारपणे म्हणाला. “ट्रकात चढवाले. क्रेनचा आकडा लावाले काईतरी पायजे ना. नकाशात उचलाचं कडं लावू नका असं कुठं लिवलं आहे?”

सदाशिवरावनं सातही ताव पाहिले. कुठंच लिहिलं नव्हतं. चहा आला, तो त्यानं संपवला.

“उचलायचं कडं एवढं जाड?”

“डोंगा जड आहे.”

“अन साखळी कोणत्या कड्याले लावाची ते जहाजावरच्या खलाशाले कोण सांगन?”

“खलाशी जन्माचा पान्यात राह्यते,” चंद्रभान म्हणाला. “त्याले सांगा लागत नाई. त्याले फक्त कडं दिसलं पायजे.”

तसंच झालं. खलाशांनी दोन कडी पाहिली, काहीही न विचारता साखळी नाकाला अडकवली. तिसरा डोंगा समुद्रात नाक वर करून उभा राहिला. आठ दिवस, महिना, वर्ष. त्यातली यंत्रं लाटा मोजत राहिली. सदाशिवरावाचं कार्ड आलं: ‘उभा आहे.’ दुसऱ्या वर्षीच्या अहवालात समितीनं लिहिलं की मूळ आराखड्याची अचूकता आता सिद्ध झाली आहे.

१९८१ च्या ऑगस्टात वादळ झालं आणि डोंगा नाहीसा झाला. साखळी झिजून तुटली होती. साखळी चंद्रभानची नव्हती, पण चौकशी लागली आणि त्याला किनाऱ्यावर बोलावणं आलं. गाडी, मग एसटी, मग आणखी एक एसटी असा दोन दिवसांचा प्रवास करून तो पोचला. संस्थेत जाण्याआधी तो वाळूवर गेला. समुद्र त्याच्या अंदाजापेक्षा मोठा नव्हता, पण तो अंदाजापेक्षा जास्त हलत होता. एक क्षणही नुसता पडून राहत नव्हता. चंद्रभाननं ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि त्याला बरं वाटलं. आपल्या रांजणातलं पाणी जास्त खारट होतं.

चौकशी समितीत तीन जण होते. तोवर खबर आली होती की डोंगा उत्तरेकडच्या एका खाडीकाठच्या गावाला लागला असून गावकरी तो वापरत आहेत.

“तुमचा बोया होडीसारखा का दिसत होता?” मधल्या साहेबांनी विचारलं.

“नकाशात होडीचाच आकार होता, साहेब.”

“हो, पण इतका? लोकांनी ती होडी समजून वापरायला काढली.”

चंद्रभाननं विचार केला. “लोकाइची चूक झाली नाई, साहेब,” तो म्हणाला. हे वाक्य नोंदवून घ्यायचं की नाही यावर समितीत थोडी कुजबुज झाली.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी सदाशिवराव आणि तो त्या गावी गेले. यंत्रांचं पिंप गावकऱ्यांनी डोंगा सापडला त्याच दिवशी ठाण्यात नेऊन दिलं होतं. तिथं ते लाखेच्या मोहरेसह कोपऱ्यात बसून होतं. डोंगा खाडीत होता. दिव्याची काठी कापलेली, वरचं झाकण काढलेलं, आडव्या फळ्या टाकून बसायला जागा केलेली. नाकाच्या कड्याला काथ्याचा दोर. एक म्हातारा नावाडी माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायांना पलीकडच्या बाजाराला नेत होता.

नावाड्याची बोली चंद्रभानला निम्मीच कळली. पण एवढं कळलं की गावाची जुनी होडी त्याच वादळात फुटली होती, आणि डोंगा तुमचा असेल तर न्या, फक्त ही खेप होऊ द्या, असं तो म्हणत होता.

“गयते का?” चंद्रभाननं विचारलं.

नावाड्याला शब्द कळला नाही. चंद्रभाननं बोटानं थेंब पडल्याची खूण केली. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि डोंग्याच्या तळावर हाताचा पंजा घासून त्याला कोरडा तळवा दाखवला.

चंद्रभान बायांच्या मागोमाग डोंग्यात चढून बसला. सदाशिवराव काठावरच राहिला. समुद्राचा अधिकारी असून पाण्यात पाय घालायची त्याची तयारी नसे; जहाजावर तो कधी टिकलाच नव्हता. डोंगा पलीकडे गेला आणि परत आला. तेवढ्या वेळात चंद्रभान एकेका सांध्यावरून बोट फिरवत होता. एक बाई दुसरीला काही म्हणाली आणि दोघी हसल्या. त्याचं लक्ष नव्हतं.

परत आल्यावर सदाशिवरावनं कागद पुढे केला. पंचनामा तयार होता: सदर वस्तू तरंगण्यास सर्वथा अयोग्य व दुरुस्तीपलीकडील अवस्थेत आढळली. निर्मात्याची सही.

चंद्रभाननं वाचलं. पुन्हा वाचलं. “हे मी नाई करत,” तो म्हणाला. “यात बसून आलो ना मी आत्ता!”

“आवाज कमी कर.” सदाशिवराव पाण्यापासून दोन पावलं लांब उभा राहून वाकून बोलत होता. “चांगला आहे असं लिवलं तर परत न्या लागते. सरकारी वस्तू आहे. नेऊन गोदामात टाकतीन, अन ह्या बाया पोहत जातीन का बाजारात? निकामी लिवला तर इथंच सोडून देता येते.”

चंद्रभान डोंग्यातच बसून होता. त्यानं हजार टाक्या केल्या होत्या, त्यांतली एकही निकामी आहे असं कोणाला म्हणू दिलं नव्हतं. पत्रातल्या चार अक्षरांसाठी त्यानं तीन दिवस शेड सोडली होती. आता तेच त्याला आपल्या हातानं, आपल्या नावानं लिहून द्यायचं होतं, आणि तेही आजवर केलेल्या सगळ्यांत चांगल्या वस्तूबद्दल. समोर तीन बाया टोपल्या घेऊन पुढच्या खेपेसाठी उभ्या होत्या. त्या कागदाकडे नाही, सूर्याकडे पाहत होत्या. बाजार मोडायची वेळ होत होती.

त्यानं पेन मागितलं. कागद ठेवायला कोरडी जागा पाहिजे होती, ती डोंग्याच्या तळाशीच मिळाली. तिथं ठेवून, पाण्यावर डुलत, त्यानं तो डोंगा तरंगत नाही यावर सही केली. मग उतरला आणि नावाड्याला म्हणाला, “दर दिवाळीले रंग देजो.” म्हाताऱ्यानं समजल्यासारखी मान हलवली.

समितीनं निष्कर्ष काढला की यापुढे प्रत्येक बोयावर दोन्ही बाजूंनी ‘ही होडी नाही’ असं मोठ्या अक्षरांत तीन भाषांत लिहावं. चंद्रभाननं आणखी पाच डोंगे केले, वर्ध्याच्या पेंटरकडून ते लिहूनही घेतलं. ट्रक जाम गावाच्या चौकातून जाताना टपरीवरचे लोक ते मोठ्यानं वाचायचे आणि मग विचारायचे, “मंग काय आहे हे?” १९८६ नंतर संस्थेनं परदेशातून तयार बोये आणायला सुरुवात केली. ते पुन्हा गोल होते.

चंद्रभान टाक्यांकडे परतला. मात्र या काळात कुठल्यातरी सरकारी नोंदवहीत त्याच्या शेडपुढं धंदा म्हणून ‘नौका’ असं लिहिलं गेलं होतं आणि तिथून ते मत्स्यव्यवसायाच्या यादीत गेलं. दर एप्रिलला त्याला एक छापील अर्ज येऊ लागला: वर्षभरात किती मासळी पकडली? चंद्रभान प्रामाणिकपणे ‘निरंक’ लिहून परत पाठवायचा. लीलाबाई म्हणे, फाडून फेका. तो म्हणे, सरकारनं पुसलं तर सांगा लागते.

१९८८ साली सलग तिसऱ्या निरंकनंतर एक कारकून चौकशीला आला. त्यानं शेड पाहिली, कोबीचं वावर पाहिलं, विहीर पाहिली. त्याला काही वावगं दिसलं नाही. लीलाबाईनं चहा दिला. कारकुनानं बशीत ओतून तो फुंकत फुंकत प्यायला, मग अर्ज काढला आणि निरंकपुढच्या कारणाच्या रकान्यात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: हंगाम प्रतिकूल.

“सही करा,” तो म्हणाला.

चंद्रभाननं केली.